हागीचे दोन पेले, नऊ महिने वापरल्यावर

जपानमधल्या हागी गावच्या मातीच्या पेल्यांची मापं आणि रंग कुठेही बघायला मिळतील. मला लिहायचंय ते पाझराबद्दल, कारण विकत घेताना त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही यामागुची प्रांतातल्या हागीला गेलो होतो. शिन-यामागुची स्टेशनवरून बसने तासभर. जुन्या सामुराई घरांच्या भिंतींवरून नात्सुमिकान या संत्र्यासारख्या फळाची झाडं डोकावत होती, आणि त्या गल्ल्यांतून फिरताना एका दुकानातून युनोमीची, म्हणजे चहाच्या बिनकानाच्या पेल्यांची, जोडी घेतली. नवराबायकोची जोडी असते तशी, एक मोठा, एक लहान. ८,८०० येन, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास. मी भांड्यांवर एवढे पैसे कधी घालत नाही. पण त्या पिकल्या लोकाटासारख्या रंगावरून नजर हटेना.

टोकियोतल्या निशी-कसाईच्या आमच्या भाड्याच्या घरात खिडकीला लाकडी कट्टा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या पेल्यात सेन्चा, म्हणजे जपानी हिरवा चहा, ओतला, अर्धा प्यायले आणि पेला कट्ट्यावर ठेवून ऑफिसचा फोन घेतला. अर्ध्या तासाने उचलला तर खाली ओलं कडं. वाटलं, बाहेरून सांडला असेल. पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पेला कोरडा करून, साधं पाणी भरून पांढऱ्या कागदावर ठेवला. बुडाची कड जिथे टेकते तिथे कागद हळूहळू ओला होत गेला. तोवर कट्ट्यावर तपकिरी वर्तुळ उमटलं होतं, आणि भाड्याच्या घरात अशा डागाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

दुकानात फोन केला. बाई अतिशय नम्रपणे बोलल्या, दोनदा माफी मागितली, आणि म्हणाल्या, हागीची भांडी अशीच असतात, वापरत राहा, पाझर थांबेल. बदलून देतो, पाठवण्याचा खर्च तुमचा. मी नको म्हटलं. दुसरा पेला त्याच मातीचा, तोही पाझरणार, मग वर टपालखर्च कशाला? पण पैसे घेताना हे एक वाक्य सांगायला काय जात होतं? ही तक्रार माझी आजही कायम आहे.

कारण कळल्यावर मात्र राग थोडा निवळला. हागीची माती पोर्सेलीनसारखी काचेगत घट्ट भाजलीच जात नाही, आत बारीक पोकळ्या राहतात. भट्टीतून निघून थंड होताना माती आणि वरची झिलई सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून झिलईवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं पडतं. जपानीत त्याला कान्न्यू म्हणतात. चहा त्या रेषांतून मातीत शिरतो आणि बुडाला झिलई नसते तिथून बाहेर येतो. आपला माठ पाझरतो ते आपण गुणात धरतो, इथे मी त्याला दोष म्हणत होते.

यावर उपाय आहे, त्याचं नाव मेदोमे. पातेल्याच्या तळाशी फडकं घालायचं, पेला तांदळाच्या धुवणात पूर्ण बुडवायचा आणि मंद आचेवर उकळी आली की पंधरावीस मिनिटं ठेवायचं. तांदळाचा स्टार्च पोकळ्यांत बसतो. पहिल्या वेळी मी घाई केली. गरम पेला लगेच बाहेर काढला आणि एका दिवसात वापरायला घेतला. काही फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी धुवणाऐवजी पातळ पेज घेतली, पेला रात्रभर पातेल्यातच गार होऊ दिला, धुऊन तीन दिवस वाळवला. लहान पेला त्याच दिवशी थांबला. मोठा मात्र फेब्रुवारीपर्यंत थेंबथेंब देत होता, मग रोजच्या चहानेच बुजला.

माझं मत बदललं ते मार्चमध्ये. सकाळच्या उन्हात दोन्ही पेले शेजारी ठेवले होते. लहानात नवरा सेन्चा पितो, मोठ्यात मी होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा तपकिरी चहा. आणले तेव्हा दोघांचा रंग एकच होता. आता लहान आतून फिकट पिवळसर झालाय आणि रेषा जेमतेम दिसतात. मोठ्यात मात्र काठापासून तळापर्यंत तपकिरी जाळं उमटलंय, तळाशी दाट, वर विरळ, आणि माझे ओठ जिथे लागतात तिथे जरा गडद. इथे याला ‘हागी नो नानाबाके’ म्हणतात, हागीची सात रूपं. जपानी चहाविधीतल्या लोकांची भांड्यांची ‘इची राकू, नी हागी, सान कारात्सु’, म्हणजे पहिलं राकू, दुसरं हागी, तिसरं कारात्सु, ही उतरंडही मला आता पटते. ज्या पाझरावर मी तीन महिने चिडले, त्यानेच हा रंग आणला. एवढं जिवंत भांडं माझ्या स्वयंपाकघरात दुसरं नाही.

हातात धरायलाही सुख. कान नाही, तरी गरम चहा धरवतो, कारण ही माती उष्णता हळू सोडते. काठोकाठ मात्र भरू नका. बुडाच्या कडेला, म्हणजे कोदाईला, एक खाच मारलेली असते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांनंतर तिथून आणलेल्या कुंभारांनी, सरदार मोरी तेरुमोतो १६०४ मध्ये हागीला आला त्या सुमारास, इथे भट्टी सुरू केली. सरदाराकडे जाणारा माल सामान्यांना वापरता यावा म्हणून मुद्दाम खाच मारून तो सदोष करत, असं सांगतात. मला तिचा रोजचा उपयोग असा की पेला पालथा घातला की बुडाच्या खळग्यात पाणी साचत नाही, खाचेतून निघून जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगते, यात दुधाचा चहा पिऊ नका. एप्रिलमध्ये पाहुणे आले तेव्हा लहान पेल्यात आठवडाभर आल्याचा चहा झाला. दुधाची स्निग्धता मातीत गेली आणि कुबट वास बसला. साध्या पाण्यात दोनदा उकळला, वास कमी झाला, पण गरम पाणी ओतलं की अजून किंचित येतो. जूनच्या पावसात, त्सुयूत, तर ओला पेला कपाटात ठेवल्यामुळे बुडाला काळी बुरशी धरली. धुतल्यावर दोन दिवस उघड्यावर वाळवल्याशिवाय आत ठेवू नका. डिशवॉशर नाहीच.

कट्ट्यावरचं कडं मात्र गेलेलं नाही. खाण्याचा सोडा लावला, लिंबू लावलं, बारीक पॉलिश कागदानेही घासलं. लाकडात मुरलेला चहाचा डाग काढायचा खात्रीचा उपाय कुणाकडे असेल तर जरूर कळवा. घराचा करार मार्चमध्ये संपतोय.