अधिवेशनाला विरोध: करारापूर्वी सभागृहात की नंतर रस्त्यावर?

अमेरिकेतल्या एखाद्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी तुमच्या शहराचं नाव पुढे आलंय आणि तुम्हाला ते नकोय, तर वाटा दोनच. यजमानपदाचा करार नगर परिषदेत मंजूर होण्याआधी अडवायचा, नाहीतर अधिवेशन आलं की मोर्चात उतरायचं. मी दोन्ही करून बसलोय. २०१८ मध्ये शार्लटला पहिलं, २०२४ मध्ये मिलवॉकीला दुसरं.

मोर्चाची ओढ मला समजते. मिलवॉकीच्या रेड ॲरो पार्कात जमलेली माणसं, घोषणा, कॅमेरे, सगळं अंगात भिनतं. सभागृहात यातलं काही नाही. ताटकळत बसायचं, नाव पुकारलं की घड्याळाकडे बघत बोलायचं, आणि मुद्द्यावर यायच्या आत वेळ संपलेली. एवढं करून शार्लटला ठराव ६ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालाच. अधिवेशन रिपब्लिकनांचं, २०२० मधलं, पण शहराच्या डेमोक्रॅट महापौर व्हाय लाइल्सच त्याच्या बाजूने उभ्या होत्या. (पुढे कोविडने ते अधिवेशन आटोपशीर केलं, तो भाग वेगळा.)

तरीही माझा कल सभागृहाकडे झुकला तो मिलवॉकीच्या नकाशामुळे. अधिवेशन १५ जुलैला, आणि त्याभोवतीचं सुरक्षेचं कुंपण कुठून कुठे जाणार हे जाहीर झालं जूनच्या उत्तरार्धात! तोवर कुणालाही विचारा, उत्तर एकच: ‘ते आमच्या हातात नाही.’ तसं ते खरंही होतं. अशा अधिवेशनाच्या सुरक्षेची सूत्रं सीक्रेट सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे जातात, आणि तुम्ही निवडून दिलेला नगरसेवकही हात वर करू शकतो. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. मोर्चाच्या मार्गासाठी आयोजकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात न्यायला बंदी असलेल्या वस्तूंची यादी मी दोनदा वाचली. टेनिस बॉल चालणार नाही, पेंटबॉलची बंदूक चालणार नाही. खरी बंदूक मात्र विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्यामुळे चालणार.

अधिवेशनाच्याच आठवड्यात ओहायोतल्या कोलंबसहून बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी, कुंपणापासून दूर एका वस्तीत, सुरे घेतलेल्या एका बेघर माणसाला गोळ्या घातल्या. तो जिवानिशी गेला. बाहेरगावचे पोलीस कुठवर फिरणार, हा प्रश्न करारावर सही होण्याआधी विचारला तर निदान त्याचं उत्तर द्यायला कुणीतरी समोर असतं.

सभागृहाची वाट फुकट मिळते असं मात्र नाही. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये याच २०२४च्या रिपब्लिकन अधिवेशनाच्या कराराचा मसुदा २२ विरुद्ध १० मतांनी फेटाळला आणि अधिवेशन मिलवॉकीला गेलं. पुढच्याच वर्षी टेनेसीच्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने ४० जणांची ती परिषद २० वर आणणारा कायदा केला. हा सूडच, असं अनेकांचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं. तुमचं राज्य सरकार दुसऱ्या पक्षाचं असेल तर हे जमेस धरा.

मोर्चाला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण नोकरी सांभाळून एकाच गोष्टीला वेळ काढता येत असेल, तर मी परिषदेच्या कार्यसूचीवर डोळा ठेवेन. करार मतदानाला येण्याआधी मत अजून न ठरलेल्या दोन-तीन नगरसेवकांना गाठेन आणि बोलायला नाव लवकर नोंदवेन. शार्लटला एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर ठराव तिथेच पडला असता.