युक्का, घायपात की डॅसिलिरिऑन?

टोकदार पानांचं एकच दिमाखदार झाड लावायचं, तर घोडं बहुधा या तिघांपाशी अडतं: निळसर युक्का रोस्ट्राटा, घायपात म्हणजे अगेव्ह अमेरिकाना, आणि डॅसिलिरिऑन व्हीलरी. रोपवाटिकेत कुंडीत बसलेली असताना तिघंही गोजिरवाणी दिसतात. फसगत होते ती तिथेच.

घायपात झपाट्यानं अंग धरते. वीतभर रोप बघता बघता पुरुषभर उंच होतं आणि तीन-चार मीटर जागा अडवून बसतं. भोवती पिल्लं फुटतात ती वेगळीच. दिसायला मात्र देखणी! पानं कोंबात एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे उलगडलेल्या पानावर शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा उमटलेला दिसतो. ती नक्षी पाहत मी कितीतरी वेळ घालवला आहे. पण एकदा तण काढायला वाकलो आणि पानाच्या टोकाचा काटा भुवईत घुसला. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून घरात लहान मुलं असतील, तर मी घायपातीचं नाव काढत नाही. पानं छाटताना उडणारा चीकही कातडीची आग आग करतो. शिवाय ती आयुष्यात एकदाच फुलते. साधारण 10 ते 30 वर्षांनी आठ-नऊ मीटरचा दांडा येतो आणि आईरोप वाळून जातं.

युक्का रोस्ट्राटा मूळची पश्चिम टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोची. पानं अरुंद, लवचीक. वारा आला की सगळा गोल डोलतो. टोचते, पण भोसकत नाही. फुलून मरत नाही. बी मात्र सहसा धरत नाही, कारण तिचं परागीभवन करणारा खास पतंग तिच्या मुलखाबाहेर नसतो. हौस असेल तर ब्रशनं करून पाहा. खरी अडचण म्हणजे तिची गोगलगायीची चाल. खोड दिसायलाच कित्येक वर्षं जातात.

डॅसिलिरिऑनही फुलून मरत नाही. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पण पानांच्या दोन्ही कडा करवतीसारख्या. पायवाटेपासून लांब, एकटं ठेवायचं असेल तरच.

थंडीच्या बाबतीत घायपात सर्वांत नाजूक. कोरड्या मातीत युक्का शून्याखाली 15 अंशांपर्यंतही तग धरते. तीच ओल्या, चिकट मातीत सौम्य हिवाळ्यातही कुजते. म्हणून तिघांपैकी काहीही घ्या, आधी खडी-वाळूचा उंचवटा करा.

माझं मत युक्काला. मोठ्या खोडाचं, उपटून आणलेलं झाड मुळं तुटल्यामुळे वर्षभर रुसून बसतं, तेव्हा कुंडीत वाढलेलं लहान रोपच घ्या. घेण्याआधी मधला कोंब दोन बोटांत धरून हलकेच ओढा. हातात आला, तर ते रोप आतून कुजलेलं आहे.