गव्हाची सोंगणी: हार्वेस्टर की विळा?

यंदा आमचा गहू हार्वेस्टरने काढला आणि पहिल्यांदाच मी वर ड्रायव्हरशेजारी बसलो. पंजाबातून आलेलं मशीन; उघडी सीट, कानठळ्या बसवणारा आवाज, अंगभर कुसं. पण वरून जे दिसतं ते बांधावरून कधीच दिसलं नव्हतं. फिरत्या रिळापुढे ओंब्या झुकतात, पात्यात जातात आणि मागच्या टाकीत दाणे धो-धो पडू लागतात. हात घातला तर दाणा कोमट लागला. एकराचं काम तासाभरात उरकलं.

विळ्याने सोंगायचं तर चार-पाच मजूर, दोन दिवस, पेंढ्या बांधणं, मग मळणी यंत्राची वाट पाहणं. तेवढ्यात मार्चमधले अवकाळीचे ढग आले की जीव टांगणीला लागतो.

पण दावणीला जनावरं असतील तर हिशेब बदलतो. विळा बुडापासून कापतो, सगळा भुसा घरी येतो. हार्वेस्टर वीतभर धसकटं उभी ठेवतो, काड मागे फेकतो. काही जण ते पेटवून देतात. मला ते बघवत नाही. शिवाय गहू कडक वाळलेला नसेल तर दाणे ओंबीतच राहतात.

म्हणून गोठ्याजवळचा अर्धा एकर आम्ही विळ्यासाठीच राखला.