रेडियमवर टोनरची छपाई: ए३ एलईडी प्रिंटर काळ्या अक्षरांसाठी उत्तम, रंगांसाठी जपून

रिफ्लेक्टिव्ह शीटवर, म्हणजे आपल्या बाजारात जिला सरसकट 'रेडियम' म्हणतात तिच्यावर, कोरड्या टोनरने थेट छापायचे असेल तर ओकीच्या सी८४४ वर्गातला ए३ एलईडी प्रिंटर घ्यावा. कारण एकच, शीटची वाट. मल्टिपर्पज ट्रेमधून आत घातलेली शीट, मागचे झाकण उघडे ठेवले तर, जवळजवळ सरळ बाहेर पडते. ऑफिसातल्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये तीच शीट रोलरभोवती वळते, मागचा लायनर (गोंदावरचा सोलून काढायचा कागद) सुटतो आणि गोंद फ्युजरला, म्हणजे टोनर वितळवून बसवणाऱ्या गरम रोलरला, लागतो. बॅनर सेटिंगवर लांबी १.३ मीटरपर्यंत मिळते. रुंदी मात्र ए३चीच. त्यामुळे ६०० मिमीचा रस्त्यावरचा गोल फलक यावर एकसंध निघणार नाही, हे आधीच समजून घ्या.

या पद्धतीची खरी परीक्षा ब्रिटनमधल्या नंबर प्लेटवर झाली आहे. तिथली नेहमीची प्लेट ५२० × १११ मिमी, अक्षर ७९ मिमी उंच, त्याची रेघ १४ मिमी जाड. छापील फिल्म पुढच्या अ‍ॅक्रिलिकला चिकटवतात, म्हणून टोनरला ना घासणे लागते ना पाऊस. १ सप्टेंबर २०२१ पासून नव्या प्लेटना बीएस एयू १४५ई हे मानक लागू आहे आणि त्यात अक्षरे एकजात भरीव काळी हवीत, दोन छटांची चालत नाहीत. टोनरला सर्वांत चांगले जमते ते नेमके हेच. (आपल्याकडे हा धंदा करू नका. एचएसआरपीवर, म्हणजे आपल्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर, अक्षरे हॉट स्टॅम्पिंग फॉइलने उठतात आणि ती प्लेट अधिकृत पुरवठादारानेच द्यायची असते.)

काळे का जमते आणि रंग का फसतात, ते नीट पाहू. रात्री दिव्याचा प्रकाश टोनरमधून आत जातो, शीटमधल्या काचेच्या बारीक मण्यांवरून परततो आणि पुन्हा टोनरमधूनच बाहेर येतो. म्हणजे रंग दोनदा गाळला जातो. परावर्तक शीटच्या एएसटीएम डी४९५६ या अमेरिकी मानकाप्रमाणे इंजिनिअर ग्रेडच्या (टाइप १) पांढऱ्या शीटचे किमान परावर्तन ०.२ अंश निरीक्षणकोनाला आणि उणे ४ अंश प्रवेशकोनाला ७० कॅन्डेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर असते, पिवळ्याचे ५०, लालचे १४, निळ्याचे ४. आता हाफटोनने, म्हणजे सुट्या ठिपक्यांनी, लाल छापले तर ठिपक्यांच्या मधली पांढरी जागा लालच्या पाचपट उजळते. दिवसा छान दिसणारा लाल रात्री फिकट गुलाबी होतो. म्हणून लाल हवा तर १०० टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के यलो, मध्ये एकही छटा नको. फोटो आणि ग्रेडियंट या शीटवर छापूच नयेत. पांढऱ्या टोनरचा थर खाली दिला तर परावर्तनच अडते, तेव्हा पांढऱ्याच्या जागी शीट उघडी सोडायची.

काळ्याचीही एक खोड आहे. नुसत्या १०० टक्के काळ्यात बारीक छिद्रे राहिली तर रात्री ती चांदण्यांसारखी चमकतात. उपाय म्हणजे काळ्याखाली ४० टक्क्यांच्या आसपास सायन द्यायचा, पण कडेपासून ०.३ मिमी आत. कडेपर्यंत नेला तर रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणे) जरा सरकताच अक्षराला निळी किनार दिसते.

शीट निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. एचआयपी (हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिक) किंवा त्यावरच्या ग्रेडची प्रिझमवाली शीट फ्युजरमधून कधीच घालू नका. फ्युजरचे तापमान साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअस, आणि प्रिझमचे अ‍ॅक्रिलिक सुमारे १०५ अंशांना मऊ पडते. प्रिझमच्या कडा बसल्या की दिवसा काही कळत नाही, रात्री तेवढा भाग करडा दिसतो. मण्यांची इंजिनिअर ग्रेड शीट चालते, तीसुद्धा विक्रेत्याने लेझर-प्रिंटेबल म्हणून दिलेलीच. साध्या विनाइलवाल्या शीटमध्ये मण्यांमागचा अ‍ॅल्युमिनियमचा थर वीज वाहून नेतो, टोनर ओढणारा विद्युतदाब कडेने गळतो आणि छपाईत पांढरे ठिपके पडतात.

छपाईआधी शीट २४ तास मशीनच्याच खोलीत, पण बंद पाकिटात ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडी राहिलेली शीट लायनरमध्ये ओल धरते, फ्युजरमध्ये तिचे फोड येतात आणि कडा वळतात. कापताना वरची फिल्म चारही बाजूंनी २-३ मिमी आत हलकी छेदून ती पट्टी काढून टाका, म्हणजे गरम गोंद पाझरला तरी रोलरपर्यंत पोचत नाही. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. बोट लागले की तिथे टोनर धरत नाही. एका वेळी एकच शीट घाला.

मीडिया सेटिंग 'लेबल'पासून सुरू करा. छापून थंड झाल्यावर टेप दाबून झटक्याने ओढा. टेपवर काळे आले तर उष्णता कमी पडते, एक पायरी जड मीडिया निवडा. शीट लाटेसारखी झाली तर उलट एक पायरी खाली या. चित्राची पुसट सावली ठराविक अंतरावर पुन्हा उमटत असेल तर टोनर फ्युजरला चिकटतो आहे. दोन-तीन कोरे कागद सोडून रोलर साफ होऊ द्या आणि मग सेटिंग बदला.

वर पारदर्शक लॅमिनेशन हवेच, आणि ते कोल्ड लॅमिनेटरवर. उघडा टोनर खरखरीत असतो, प्रकाश विखुरतो. गोंद त्या खळग्यांत बसला की रात्रीची चमकही सुधारते. त्याहून चांगला निकाल हवा असेल तर शीट मशीनमध्ये घालूच नका. लेझरची पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घ्या, त्यावर उलटे छापा आणि छापील बाजू पारदर्शक दुतर्फी गोंदाने शीटवर बसवा. टोनर मध्ये बंद राहतो, आणि या वाटेने एचआयपीदेखील वापरता येते. वेळ दुप्पट जातो, बुडबुडा राहिला तर तो रात्री हमखास दिसतो, तरी आमची पसंती यालाच.

उन्हात कार्बनचा काळा टिकतो, यलो सर्वांत आधी उडतो. लाल फलक गुलाबीकडे झुकू लागला की ओळखावे. सोसायटीचे पार्किंग क्रमांक, कारखान्यातले यंत्रांचे नंबर, गोदामाच्या रॅकवरचे बाण, एवढ्यासाठी हा प्रिंटर मनापासून सुचवतो. आयआरसी ६७ या रस्ता-फलकांच्या भारतीय संहितेखालच्या फलकांना नाही. तिथे शीट, शाई आणि ओव्हरले एकाच उत्पादकाच्या हमीखाली असावेत.

घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या की फिल्म घातल्यास फ्युजर वॉरंटीत राहतो का. आणि नमुना मागितलात तर तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका. दिवे बंद करून, टॉर्च कानशिलाजवळ डोळ्याच्या रेषेत धरून, चार-पाच मीटरवरून पाहा.