‘किमेत्सु नो याइबा’: आठ महिने मुझानच्या टोळीसोबत

गेल्या आठ महिन्यांत ही जपानी अ‍ॅनिमे मालिका (इंग्रजीत ‘डेमन स्लेयर’) मी दोनदा सलग पाहिली, मध्ये ती ज्यावर बेतली आहे त्या मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, सगळे 23 खंड वाचून काढले, आणि सध्या तिसऱ्या फेरीत फक्त राक्षसांचे भाग निवडून बघतेय. पहिल्या फेरीत लक्ष साहजिकच राक्षसांशी लढणारा नायक तांजिरो, राक्षस झालेली त्याची बहीण नेझुको आणि तलवारबाजीकडे होतं. यूफोटेबल स्टुडिओने काढलेली पाण्याची आणि आगीची चित्रं बघताना दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्या फेरीत मात्र माझी नजर सारखी समोरच्या बाजूला जायला लागली. हे राक्षस एकमेकांचे कोण लागतात? कुणाच्या शब्दाखातर मरायला तयार होतात? ही मालिका माझ्या मनात घर करून बसली ती या प्रश्नांमुळे. ज्यांनी अजून पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे मी कुणाचंही मरण लपवणार नाहीये.

मुझान किबुत्सुजी हा हजार वर्षांहून जुना, हेइआन काळातला आजारी उमराव. वैद्याचं औषध लागू पडत नाही म्हणून त्याने वैद्यालाच मारलं, आणि औषधाने आपलं काय केलंय ते त्याला नंतर कळलं. बाकीचे जवळजवळ सगळे राक्षस त्याच्या रक्तातून झालेले. त्याचं नाव तोंडातून निघालं की मरण, म्हणून ते त्याला ‘आनो काता’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘ते’. आमच्या आजीकडे रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं, ते मला पहिल्यांदा इथे आठवलं. आदर आणि धास्ती एकाच शब्दात इतकी मिसळून जातात की बोलणाऱ्यालाही फरक कळेनासा होतो.

पहिल्या सीझनमध्ये सुसामारू नावाची, रंगीत चेंडू घेऊन लढणारी राक्षसीण आहे. मुझानवर उलटलेल्या तामायो या राक्षसिणीच्या मोहिनीने भुलून ती मुझानचं नाव उच्चारते, आणि त्याच क्षणी तिच्याच शरीरातून निघालेले हात तिला फाडून टाकतात. आपण बारा किझुकींपैकी, म्हणजे मुझानच्या सहा अप्पर मून आणि सहा लोअर मून अशा क्रमांक दिलेल्या खास राक्षसांपैकी, एक आहोत असा तिचा समज. तसं तिला सांगितलं होतं, ते खोटंच होतं. मरताना ती फक्त चेंडू मागते, खेळू म्हणते. तांजिरो तो तिच्याजवळ नेऊन ठेवतो. निष्ठेचा मोबदला या टोळीत काय मिळतो, ते तेव्हाच सांगून झालंय. पहिल्या वेळी मी ते लढाईच्या धामधुमीत सोडून दिलं होतं.

तामायो आणखी एक गोष्ट सांगते: राक्षसांनी एकत्र येऊन आपल्यावर उलटू नये म्हणून मुझानने त्यांना एकमेकांना खाणारे करून ठेवलंय. हे कळल्यावर पहिल्या सीझनचा 26वा भाग पुन्हा बघा. बाईच्या वेशात, काळ्या किमोनोत उभा असलेला मुझान, आणि खाली माना घातलेले पाच लोअर मून. सहाव्याच्या मनात नुसता विचार येतो आणि मुझान तो ऐकतो: बोल की, पुढे काय? चौथी म्हणते, तुमच्यासाठी जीव देईन. त्यावर तो म्हणतो, म्हणजे तू माझं म्हणणं खोटं ठरवतेस? तिसरा पळतो, आणि त्याचं मुंडकं आपल्या हातात आहे हे मुझानने दाखवल्यावर त्याला कळतं. दुसरा अजून रक्त द्या म्हणतो, तर मागणं हाच गुन्हा. माझ्या पहिल्या नोकरीत असा एक वरिष्ठ होता. उत्तर दिलं तर उलट बोलणं, गप्प बसलं तर माज. त्या दहा मिनिटांत कुठलंच उत्तर बरोबर नाही हे मला पोटात कळत होतं. वाचतो तो एकटा एन्मु, कारण बाकीच्यांच्या किंकाळ्या ऐकायला मिळाल्या यातच त्याला धन्य वाटतं. मुझानला हवी असलेली निष्ठा ही आहे: सोबत्याच्या मरणात आनंद मानणारी.

रुई हा लोअर मून पाच त्याआधीच्या भागांत येतो. कळप करायची मनाई असताना मुझानने त्याला तेवढी मुभा दिलेली. त्याने नातागुमो डोंगरावर इतर राक्षसांना आपली शक्ती देऊन, त्यांचे चेहरे आपल्यासारखे करून ‘आई’, ‘बाबा’, ‘भाऊ’, ‘बहीण’ बनवलं आणि चुकलं की मारहाण केली. त्याची ‘आई’ तांजिरोला बघून लढायचं सोडते, हात पसरते, आणि तांजिरो तिच्यासाठी तलवारीचा सगळ्यात हळुवार वार वापरतो. मरण तिला सुटका वाटतं. मग नेझुको भावाच्या आड येते आणि रुईला समोर खरं नातं दिसतं. त्याला ते हवं असतं, पण मागायचं कसं हेच ठाऊक नाही, म्हणून तो तिला हिसकावून घ्यायला बघतो. त्याच्या खऱ्या आईबापांना त्याच्यासोबत मरायचं होतं, हे त्याला फार उशिरा उमगतं.

आता अप्पर मून. तिसऱ्या सीझनचा पहिला, लांबलेला भाग मी कितीदा पाहिला त्याला गणती नाही. नाकिमे या राक्षसिणीच्या बिवाचा (जपानी तंतुवाद्य) एक झंकार, आणि मुझानच्या इन्फिनिटी कॅसल या किल्ल्याच्या उलट्यासुलट्या जिन्यांत सगळे हजर. 113 वर्षांत पहिल्यांदा कुणी अप्पर मून पडलाय. अप्पर मून दोन दोमा सगळ्यांना ‘दोनो’ हे आदरार्थी संबोधन लावून बोलतो, ‘आकाझा-दोनो’. हा आदर आहे की डिवचणं, हे सबटायटलमध्ये नीट उतरत नाही, जपानी आवाजातच ऐकावं लागतं. अप्पर मून तीन आकाझा त्याचा जबडा फोडतो आणि दोमा हसत राहतो, कारण त्याला आतून काहीच वाटत नाही. आणि मग अप्पर मून एक कोकुशिबो आकाझाचा हात उडवतो. दोमावर माया म्हणून नाही. खालच्याने वरच्यावर हात टाकला, क्रम मोडला, म्हणून. वर जायचं असेल तर रीतसर आव्हान दे, असं तो शांतपणे सांगतो. तिघांत मैत्री नाही, धड वैरही नाही, फक्त क्रमांक आहेत. आणि मुझान त्या वेळी काचेच्या नळ्यांमध्ये काहीतरी मिसळत उलटा उभा आहे, त्यांच्याकडे बघतही नाही.

त्याच बैठकीत तो म्हणतो की ज्यांच्यात माणसाचा अंश जास्त उरलाय ते आधी हरतात. त्याच्या मते, नुकत्याच पडलेल्या भावंडांपैकी दाकी हे ग्युतारोच्या गळ्यातलं लोढणं होतं. माझं मत नेमकं याच्या विरुद्ध आहे, आणि त्यासाठी दुसरा सीझन पुराव्याला आहे. ग्युतारो आणि दाकी हे दोघं मिळून एक अप्पर मून सहा. तो तिच्या अंगात राहतो, आपला एक डोळा तिला देतो, आणि दोघांची मुंडकी एकाच वेळी कापल्याशिवाय दोघंही मरत नाहीत. नातं इथे नियम बनून शरीरात उतरलंय. त्याने मारलेले 15 हाशिरा (राक्षस मारणाऱ्यांतले सर्वोच्च तलवारबाज) आणि तिचे 7, म्हणजे लोढणं घेऊनही शतकभर कुणाला हात लावता आला नव्हता.

योशिवारा या वेश्यावस्तीच्या सगळ्यात खालच्या भागात जन्मलेली ही भावंडं. तिने एका सामुराईचा डोळा फोडला म्हणून तिला जिवंत जाळलं, आणि बर्फात तिला पाठीवर घेऊन तो मदत मागत फिरला. मदत घेऊन आला तो दोमा. शेवटी दोन मुंडकी जमिनीवर पडून भांडतात, तुझ्यामुळे हरलो म्हणून. तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं, असं तो म्हणणार, तेवढ्यात तांजिरो त्याच्या तोंडावर हात ठेवतो. हा भाग मी धाकट्या भावासोबत पाहिला. पुढे अंधारात ग्युतारो तिला उजेडाकडे जा म्हणतो आणि ती रडत त्याच्या पाठीवर चढते, ‘दादा’ म्हणत, तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही.

आकाझाचं सगळं ‘इन्फिनिटी कॅसल’ चित्रपटात उलगडतं. भारतात तो 12 सप्टेंबर 2025 ला आला, मी थिएटरात पाहिला. वडिलांच्या औषधासाठी चोऱ्या करणारा हाकुजी (माणूस असतानाचा आकाझा), त्याचं जिच्याशी लग्न ठरतं त्या आजारी कोयुकीची शुश्रूषा, फटाक्यांच्या रात्रीचं वचन, विहिरीतलं विष, आणि मग नुसत्या हातांनी मारलेले 67 जण. त्याची पायाखाली उमटणारी हिमफुलाची नक्षी कोयुकीच्या केसातल्या पिनेवरची आहे, त्याच्या वारांची नावं फटाक्यांची आहेत, तो बाईला कधी खात नाही. स्मृती गेली तरी हात विसरले नाहीत. मुंडकं नसतानाही अंग लढत राहतं, मुझानचा आवाज त्याला अजून ओढतो, आणि तो कोयुकीकडे वळतो. मुझानची पकड खरी सुटलेली मी तिथे पाहिली.

खटकलेलं सांगते. राक्षसाचं पूर्वायुष्य जवळजवळ दर वेळी मरायच्या क्षणीच येतं. चौथ्या-पाचव्या वेळेला ते आधीच जाणवतं आणि धार कमी होते. आकाझाची गोष्ट थोडी आधी पेरली असती तर पहिल्याच फेरीत पोहोचली असती. लोअर मूनपैकी चार जण नावानिशी ओळख होण्याआधीच संपले, हे मला फार लागलं. योशिवाराच्या भागांत तांजिरोचा सोबती झेनित्सूचा आरडाओरडा नको तिथे येतो. रक्त भरपूर आहे, लहान मुलांसोबत बघू नका. मराठीत डबिंग नाही. मी जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल असंच बघते.

तामायो आणि युशिरोसाठी एखादा स्वतंत्र भाग हवा होता. मुझानची पकड तोडून निघालेली ती, आणि तिने 200 वर्षांत राक्षस केलेला युशिरो हा एकच, तोही मरायला टेकलेला असताना, त्याला विचारून. युशिरो तिच्याजवळ राहतो तो कुठल्याही शापाने बांधलेला नाही.

आता वाट आहे पुढच्या चित्रपटाची. मांगामध्ये कोकुशिबोजवळ एक बासरी सापडते, लहानपणी त्याने स्वतः कोरून जुळ्या भावाला दिलेली. ज्या योरिइचीचा त्याने जन्मभर मत्सर केला, त्याने ती म्हातारपणापर्यंत छातीशी जपली होती. आणि मत्सर करणाऱ्याने तिचे दोन तुकडे झाल्यावरही ती टाकून दिली नाही.