उपग्रहाचा नकाशा की मातीचा नमुना?

कार्बन क्रेडिटचा, म्हणजे मातीत कर्ब (कार्बन) साठवल्याबद्दल पैसे देण्याचा प्रस्ताव घेऊन कुणी गावात आलं की बोलणं थेट ‘एकरी किती मिळणार?’ वर जातं. सरपंचांनी किंवा शेतकरी कंपनीच्या संचालकांनी त्याआधी विचारावं: कर्ब मोजणार कशानं, आणि तो आकडा आमच्या काय कामाचा? मोजायचे रस्ते मुख्यतः दोन.

वरून बघणं स्वस्त पडतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर ५ दिवसांनी, १० मीटरच्या बारकाईनं. सोयाबीन निघाल्यावर रान किती दिवस उघडं पडलं, उसाचं पाचट पेटवलं की ठेवलं, बांधावरची झाडं राहिली की गेली, हे अख्ख्या तालुक्याचं एका नकाशावर येतं. पाचट कुट्टीची यंत्रं आधी कोणत्या मंडळात पाठवायची हे ठरवायला तालुका कृषी अधिकाऱ्याला एवढं पुरतं. ऐन खरिपात मात्र ढग आडवे येतात. रडारला ढगांची अडचण नसते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह त्याच जातीचा.

तरीही जमिनीच्या पोटातला कर्ब यातला कुणीच थेट मोजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या नासाच्या ओसीओ-२ उपग्रहाचा एकेक ठिपका तर सुमारे १.३ बाय २.२५ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास २९० हेक्टर. त्यावरून अमुक गट नंबरच्या रानात काय झालं हे सांगणं निव्वळ गप्पा. प्रस्तावात ‘उपग्रहाद्वारे गटनिहाय कर्ब’ असं दिसलं, तर तो अंदाज किती नमुन्यांशी ताडून पाहिला ते विचारा.

खाली खणणं कटकटीचं, पण गावाच्या कामाचं तेच. हाताशी मृदा आरोग्य पत्रिका असेलच, त्यात सेंद्रिय कर्ब असतो. फक्त ती योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा बागायतीत २.५ आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक नमुना धरला होता. म्हणजे जुन्या पत्रिकेतला आकडा शेजाऱ्याच्या रानातला असू शकतो. शिवाय खत ठरवण्यासाठी १५ सेंटिमीटरचा खड्डा चालतो, कर्बाच्या हिशोबाला सहसा ३० लागतो.

हिशोब असा: मातीची घनता १.३ (घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम) धरली तर हेक्टरी ३० सेंटिमीटर मातीचं वजन ३,९०० टन. कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ वर गेला, तर वाढ ३.९ टन कर्बाची, कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे १४ टन. ऐकायला भारी वाटतं. पण ०.१ टक्क्याचा फरक एकाच रानात उकिरड्याजवळ आणि माळाच्या टोकाला सहज पडतो. म्हणून जागा तीच, महिना तोच, प्रयोगशाळा तीच. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे घनताही ऋतूगणिक बदलते. नमुन्यासोबत ती मोजलीच पाहिजे. आणि एक मराठवाड्याची खास खोच: चुनखडीच्या रानात यंत्रानं ‘एकूण कर्ब’ काढला तर चुन्यातलाही त्यात मोजला जातो. अहवालात सेंद्रिय कर्ब वेगळा मागा.

ग्रामसभेत हे आकडे वाचून कुणी हलणार नाही. पोकराच्या (हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीचा राज्याचा प्रकल्प) गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला तेव्हा लोकांना तो कळला, कारण पाऊस किती, पीक पिणार किती, असा थेट सवाल होता. कर्बही तसाच सांगावा: कोणत्या गटातली माती पावसाच्या खंडात ओल धरते आणि तिथं शेणखत, पाचट किती वर्षं पडलं.

जिल्ह्याचं नियोजन असेल तर नकाशा घ्या. गाव असेल आणि पैसा एकालाच पुरत असेल, तर माझं मत मातीकडे. नकाशा नंतर फुकटही जोडता येतो. कंपनीचाच प्रस्ताव असेल तर करारात दोन ओळी घालून घ्या: गटनिहाय मूळ आकड्यांची मराठी प्रत ग्रामपंचायतीला मिळेल, आणि ५ वर्षांनी पुन्हा नमुने घेण्याचा खर्च कंपनी करेल. दुसऱ्या ओळीवर बहुधा घासाघीस होईल.