सीलास्का: शेअरहोल्डरांची आणि खरंच त्यांचीच कंपनी

अलास्कात जुनोला गेलात तर वॉल्टर सोबोलेफ बिल्डिंग, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कला-संस्कृतीचं केंद्र, बघाच, आणि त्यामागची सीलास्का कंपनी पण जरा समजून घ्या. ट्लिंगिट, हायडा, त्सिमशियन या तिथल्या मूळ रहिवासी (नेटिव्ह) लोकांची ही कंपनी, त्यांच्या जमिनीच्या हक्कांचा निकाल लावणाऱ्या १९७१ च्या अमेरिकन कायद्यातून निघालेली. शेअर्स बाजारात विकताच येत नाहीत, वारशाने नाहीतर घरातल्यांना भेट म्हणून जातात, म्हणजे बाहेरचा कुणी पैसेवाला येऊन सगळं गिळून टाकेल ही भीतीच नाही, मला हेच सगळ्यात भावलं. डिव्हिडंड आहे, पोरांना स्कॉलरशिप आहे, शिवाय भाषा आणि कला जपायला वेगळी संस्था, जी १९८२ पासून सेलिब्रेशन नावाचा मोठा उत्सव भरवते.

खटकतं ते लाकूडतोडीचं. कित्येक वर्षं स्वतःच्याच जमिनीवरची झाडं तोडून धंदा केला, २०२१ ला थांबवायचं जाहीर केलं, उशिरा पण बरं केलं.

२०२२ ला शेअरहोल्डरांनी मतदान करून वंशजांना शेअरहोल्डर व्हायला असलेली किमान पाव हिस्सा नेटिव्ह रक्ताची अट पण काढली. आजी मालक आणि नातू परका, असं कसं चालेल हो?

पाचपैकी चार स्टार. एक त्या झाडांपायी कापला.